अमेरिकेत स्टॉल लावताना: सेल्स टॅक्सचं परमिट आणि गिऱ्हाइकाचा तीन दिवसांचा हक्क

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेचं) २०२२चं अधिवेशन न्यू जर्सीत अटलांटिक सिटीला भरलं, २०२४चं कॅलिफोर्नियात सॅन होजेला. दोन्हीकडे साड्या, दागिने, फराळ, पुस्तकं यांचे स्टॉल होते. आता समजा एकच विक्रेती दोन्ही ठिकाणी तीच पैठणी त्याच किमतीला विकते. न्यू जर्सीत तिने त्या पैठणीवर सेल्स टॅक्स लावायचा नाही, कारण तिथे अंगावर घालायचे कपडे करमुक्त आहेत. कॅलिफोर्नियात मात्र पहिल्या डॉलरपासून टॅक्स लावावा लागतो. आणि दोन्हीकडे, पैठणी १३० डॉलर किंवा त्याहून महाग असेल आणि तुम्ही स्टॉलवर समोर उभं राहून ती विकत असाल, तर गिऱ्हाइकाला तीन दिवसांत ती परत करण्याचा हक्क मिळू शकतो. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावली तरी हा हक्क जात नाही.

गणेशोत्सवातला मंडळाचा हॉल, दिवाळीआधीचं कुणाच्या घरचं प्रदर्शन, हॉटेलातला बँक्वेट हॉल, या सगळ्या ठिकाणी राज्याचा कर कायदा आणि ग्राहकाचा करार रद्द करण्याचा हक्क एकाच टेबलावर येतात. स्टॉलवाल्यांना पहिल्याबद्दल अर्धवट माहिती असते, दुसऱ्याबद्दल बहुतेकदा काहीच नसते. म्हणून दोन्ही एकत्र सांगतो.

परमिट कुणाला लागतं

अमेरिकेत जीएसटीसारखा देशभर एकच कर नाही. सेल्स टॅक्स राज्यं लावतात. ४५ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत तो आहे. अलास्का, डेलावेअर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशर आणि ऑरेगन या पाच राज्यांत राज्यस्तरावर तो नाही. अलास्कात काही गावं आपापला लावतात. परमिटचं नाव राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात सेलर्स परमिट, टेक्सासमध्ये सेल्स अँड यूज टॅक्स परमिट, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी, पेनसिल्व्हेनियात सेल्स टॅक्स लायसन्स. काम एकच: गिऱ्हाइकाकडून राज्याच्या वतीने कर गोळा करण्याची नोंदणी.

‘माझा धंदा थोडीच आहे, छंद आहे’ हे कारण चालत नाही. कॅलिफोर्नियात बारा महिन्यांत तीन किंवा अधिक विक्री झाल्या की साधारणपणे परमिट लागतं. अधिवेशनात तीन ठुश्या विकल्या की तुम्ही त्यात आलात. न्यूयॉर्कमध्ये सर्टिफिकेटशिवाय करपात्र विक्री केली तर पहिल्या दिवसाला ५०० डॉलरपर्यंत, पुढच्या प्रत्येक दिवसाला २०० डॉलरपर्यंत आणि एकूण १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

ऑनलाइन विक्रीचं गणित वेगळं आहे. २१ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात निकाल दिला, की राज्यात दुकान नसलं तरी पुरेशी विक्री असेल तर राज्य कर गोळा करायला लावू शकतं. ‘पुरेशी’ म्हणजे किती हे राज्य ठरवतं. कॅलिफोर्निया आणि टेक्साससाठी ही मर्यादा वर्षाला ५ लाख डॉलर आहे. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलर आणि शिवाय १०० हून जास्त व्यवहार, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. एत्सी किंवा अ‍ॅमेझॉनवर विकलं तर कर तेच गोळा करून भरतात. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने) पैसे घेतले तर मध्ये कुणी नसतं, जबाबदारी पूर्ण तुमची. आणि या मर्यादा दूर बसून विकणाऱ्यांसाठी आहेत. ज्या राज्यात तुम्ही स्वतः टेबल मांडून माल विकता, तिथे पहिल्या दिवसापासून त्या राज्याचे नियम लागू होतात. डॅलसच्या परमिटवर सॅन होजेत स्टॉल लावता येत नाही.

अर्ज कसा करायचा

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे तात्पुरत्या विक्रीची सोय स्पष्ट आहे. खातं आहे कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ टॅक्स अँड फी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, बोलताना सगळे सीडीटीएफए म्हणतात. अर्ज त्यांच्या वेबसाइटवर भरायचा. फी शून्य. मोठी विक्री अपेक्षित असेल तर खातं सुरक्षा ठेव मागू शकतं. छोट्या स्टॉलवाल्याला सहसा लागत नाही. इंटरनेटवर ‘परमिट काढून देतो’ म्हणत पैसे घेणाऱ्या बऱ्याच साइट आहेत. त्यांच्या फंदात पडू नका. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे की नाही एवढं आधी पाहा.

आधी ठरवा: तात्पुरतं परमिट की कायमचं? एखाद-दुसऱ्या कार्यक्रमापुरतं विकणार असाल, एकूण मुदत ९० दिवसांच्या आत असेल, तर तात्पुरतं घ्या. दर गणपतीला, दर दिवाळीला आणि मधल्या हळदीकुंकवाला विकणार असाल तर कायमचंच घ्या. कायमचं परमिट आधीपासून असेल तर नव्या जागेसाठी त्याच खात्यात उप-परमिट नोंदवावं लागतं. वेगळं खातं उघडू नका.

अर्जाला बसण्याआधी हे हाताशी ठेवा: सोशल सिक्युरिटी क्रमांक, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं नाव आणि पत्ता, माल पुरवणाऱ्यांची नावं-पत्ते, विक्री सुरू होण्याची तारीख, कार्यक्रमाचं ठिकाण आणि दिवस, महिन्याला अंदाजे एकूण विक्री आणि त्यातली करपात्र विक्री. कंपनी किंवा भागीदारी असेल तर ईआयएन, म्हणजे धंद्याचा केंद्रीय कर क्रमांक. तो आयआरएसकडून (केंद्राच्या कर खात्याकडून) फुकट आणि ऑनलाइन मिळतो. अंदाज फुगवून सांगू नका. रिटर्न दर तिमाहीला भरायचं की वर्षातून एकदा, हे त्या आकड्यांवरून ठरतं.

वेळ किती आधी काढायचा? न्यू जर्सीत धंदा सुरू करण्याच्या किमान १५ कामकाजी दिवस आधी नोंदणी करायला सांगतात, न्यूयॉर्कमध्ये किमान २० दिवस आधी अर्ज. कॅलिफोर्नियात बऱ्याचदा लवकर मिळतं, पण अर्जात काही विसंगती असली तर खातं प्रश्न विचारतं आणि तिथे आठवडा जातो. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी हे उरकलेलं बरं.

परमिट आलं की छापून स्टॉलवर दिसेल असं लावा. आणि आयोजकाला त्याची माहिती द्या. कॅलिफोर्नियात विशेष कार्यक्रमाच्या आयोजकाने प्रत्येक विक्रेत्याकडून परमिट असल्याचा लेखी पुरावा घ्यायचा असतो. त्यासाठी सीडीटीएफएचा ४१०-डी हा छापील नमुना आहे. मंडळाच्या स्टॉल समितीने जागेचे पैसे घेतानाच हा कागद भरून घ्यावा. आदल्या रात्री गोळा करायला गेलं की निम्म्या लोकांकडे नसतो.

एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी फार महत्त्वाची आहे. सेल्स टॅक्सचं परमिट म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. एच-४ व्हिसावर असाल आणि ईएडी (काम करण्याच्या परवानगीचं कार्ड) नसेल, किंवा एच-१बीवर असाल, तर स्वतःचा विक्रीचा धंदा चालवणं हा इमिग्रेशनचा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. राज्याचं कर खातं परमिट देताना त्याची शहानिशा करत नाही. म्हणून ‘सरकारनेच परमिट दिलं, म्हणजे धंदा चालतो’ असं समजू नका. आधी वकिलाला विचारा. तसंच खाद्यपदार्थांचं आरोग्य खात्याचं परमिट वेगळं असतं, ते साधारणपणे काउंटीकडून (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडून) घ्यायचं. चकल्या विकायला दोन्ही लागतात.

कशावर कर, कशावर नाही

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, आणि चुकीचा कर घेणं हे न घेण्याइतकंच अडचणीत आणतं.

कपडे: कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये एरवी करपात्र. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटात सर्वसाधारण कपडे करमुक्त. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५ डॉलरपर्यंतचा कपडा करमुक्त. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर राज्याचा ४ टक्के कर नाही, पण काउंटीचा कर लागू शकतो. एकाच गिऱ्हाइकाने ९० डॉलरचे दोन कुर्ते घेतले तर मर्यादा प्रत्येक कुर्त्याला वेगळी मोजायची, बिलाच्या बेरजेला नाही.

दागिने: कपडे जिथे करमुक्त आहेत तिथेही दागिने करपात्र. न्यू जर्सीत साडी विनाकर, पण तिच्यासोबतची ठुशी, मोत्यांच्या कुड्या आणि हातातली पर्स ६.६२५ टक्क्यांनी. एकाच बिलात दोन्ही असतील तर ओळी वेगळ्या पाडा. ‘साडी आणि दागिन्यांचा सेट, ३०० डॉलर’ असं एकत्र लिहिलं की करमुक्त भाग दाखवायला तुमच्याकडे कागदच उरत नाही.

शिलाई: कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकाने स्वतःचं कापड आणून दिलं आणि तुम्ही त्याचा नवा ब्लाउज शिवून दिलात, तर मजुरीसुद्धा करपात्र. नवी वस्तू तयार झाली, असा त्यामागचा विचार आहे. जुना ब्लाउज दुरुस्त करणं त्यात येत नाही.

फराळ: कॅलिफोर्नियात डबाबंद लाडू, चिवडा, शंकरपाळे घरी न्यायला विकले तर साधारणपणे कर नाही. गरम बटाटेवडा करपात्र. आणि प्रवेशाला तिकीट असलेल्या ठिकाणी तिथेच खाण्यासाठी विकलेलं थंड खाणंही करपात्र ठरतं. तिकीट लावलेल्या आनंदमेळ्यात पुरणपोळीच्या स्टॉलने हे आधी आयोजकाला विचारून घ्यावं.

मंडळाचा स्वतःचा स्टॉल: ५०१(सी)(३) हा धर्मादाय संस्थेचा दर्जा आहे म्हणून मंडळाची विक्री आपोआप करमुक्त होत नाही. कॅलिफोर्नियात अशी सरसकट सूट नाही. टेक्सासमध्ये पात्र धर्मादाय संस्थांना वर्षातून दोन वेळा, प्रत्येकी एक दिवस, करमुक्त विक्री करता येते. म्हणून तिथल्या मंडळांनी ते दिवस जपून वापरावेत.

दर, बिल आणि किमतीचं लेबल

स्टॉलवर हातोहात माल दिला तर दर त्या जागेचा. कॅलिफोर्नियात मूळ दर ७.२५ टक्के, त्यावर शहर आणि काउंटीचे जादा कर. टेक्सासमध्ये राज्याचे ६.२५ आणि स्थानिक जास्तीत जास्त २, म्हणजे ८.२५ टक्क्यांपर्यंत. न्यूयॉर्क शहरात एकूण ८.८७५ टक्के. शहराच्या नावावर विसंबू नका. खात्याच्या साइटवर हॉलचा पूर्ण पत्ता टाकून दर काढा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. कार्ड स्वाइप करायचं अ‍ॅप घराच्या पत्त्याचा दर धरून बसलेलं असतं, ते प्रत्येक कार्यक्रमाआधी बदला. घराचा दर कमी आणि हॉलचा जास्त असला तर फरक तुमच्या खिशातून जातो.

गर्दीत सुटे पैसे मोजत बसायला नको म्हणून बरेच जण करासहित किंमत ठेवतात. चालतं, पण तसं लिहून लावावं लागतं. कॅलिफोर्नियात करपात्र वस्तूंच्या किमतीत कर धरलेला आहे अशा अर्थाचा ठरावीक मजकूर सीडीटीएफएने दिला आहे, तोच इंग्रजीत छापा. हिशेब उलट करायचा: दर ९ टक्के आणि लेबल ५० डॉलरचं असेल तर ५० भागिले १.०९, म्हणजे ४५.८७ डॉलर तुमची विक्री आणि ४.१३ डॉलर कर. पाटी लावली नाही तर तपासणीत पूर्ण ५० डॉलर विक्री धरून वर आणखी कर मागितला जाऊ शकतो. ‘रोख द्या, टॅक्स नको’ असं म्हणून तर कधीच विकू नका. कर न घेतल्याने देणं संपत नाही, ते फक्त तुमच्या अंगावर येतं. रोख, झेल, व्हेन्मो, चेक, सगळी विक्री मोजायची.

घाऊक माल घेताना परमिट उपयोगी पडतं. पुन्हा विकायच्या मालावर घाऊक व्यापाऱ्याला कर द्यायचा नसतो. त्याला रीसेल सर्टिफिकेट द्यायचं. कॅलिफोर्नियात नमुना २३०, टेक्सासमध्ये ०१-३३९, न्यू जर्सीत एसटी-३, न्यूयॉर्कमध्ये एसटी-१२०. पण हे सर्टिफिकेट दाखवून घरच्या लग्नासाठी साड्या घेणं हा गुन्हा आहे. आणि विकायला आणलेल्या मालातून एखादी साडी स्वतःसाठी काढून घेतली, तर तिच्या खरेदी किमतीवर यूज टॅक्स (सेल्स टॅक्स न भरता घेतलेला माल स्वतः वापरल्यावर लागणारा कर) रिटर्नमध्ये दाखवायचा. भारतातून आणलेल्या मालालाही हेच लागू.

१३० डॉलरच्या वरची विक्री

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा कूलिंग-ऑफ रूल, म्हणजे फेरविचाराच्या मुदतीचा नियम, १९७४ पासून लागू आहे. विक्रेत्याने स्वतः समोर येऊन विकलं, आणि सौदा विक्रेत्याच्या कायमच्या दुकानाऐवजी दुसरीकडे ठरला, तर गिऱ्हाइकाला तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत सौदा रद्द करता येतो. ‘दुसरीकडे’ यात हॉटेलची खोली, कन्व्हेन्शन सेंटर, मैदानावरची जत्रा, रेस्टॉरंट अशा तात्पुरत्या जागा नावानिशी आहेत. किमतीची मर्यादा: गिऱ्हाइकाच्या घरी २५ डॉलर, इतर ठिकाणी १३० डॉलर. पूर्वी सगळीकडे २५ होती, २०१५ मध्ये इतर ठिकाणची वाढवली. १३० डॉलर चुकवण्यासाठी ९० आणि ८० अशी दोन बिलं फाडून उपयोग नाही. नियम एकाच खरेदीच्या अनेक करारांची बेरीज धरतो. कारण सांगण्याची सक्ती गिऱ्हाइकावर नाही. साडी घरी नेऊन पदर आवडला नाही, एवढंही पुरतं.

राज्याचे कायदे याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात नेहमीच्या व्यापारी जागेबाहेर केलेल्या कराराला २५ डॉलरपासूनच हक्क लागू होतो, आणि ६५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या ग्राहकाला तीनऐवजी पाच कामकाजी दिवस मिळतात. दोन कायद्यांपैकी गिऱ्हाइकाच्या फायद्याचा जो, तो पाळा.

जत्रेत किंवा तशाच ठिकाणी कला आणि हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांना केंद्राच्या नियमातून सूट आहे. स्वतः रंगवलेलं वारली चित्र त्यात बसतं. सुरतहून घाऊक आणलेली साडी बसते असं समजू नका. हातमागाच्या पैठणीबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा एक कागद जास्त छापणं स्वस्त पडतं.

विक्रेत्याने काय करायचं ते असं. पहिलं, विक्रीच्या वेळी तोंडी सांगायचं, की तुम्ही तीन दिवसांत रद्द करू शकता. दुसरं, तारीख, विक्रेत्याचं नाव आणि पत्ता असलेली पावती किंवा कराराची प्रत द्यायची, त्यात सहीच्या जवळ, किमान दहा पॉइंटच्या ठळक अक्षरात, रद्द करण्याच्या हक्काचं वाक्य हवं. तिसरं, रद्द करण्याच्या नमुन्याच्या दोन प्रती द्यायच्या. एक गिऱ्हाइकाने स्वतःकडे ठेवायची, दुसरी सही करून पाठवायची. पत्ता खरा आणि पत्र पोचेल असा हवा, फोन नंबर आणि इन्स्टाग्रामचं नाव पुरत नाही.

यातली एक अट मराठी विक्रेत्यांनी नीट वाचावी: सौद्याचं बोलणं मुख्यतः ज्या भाषेत झालं त्याच भाषेत करार किंवा पावती आणि नमुना असला पाहिजे. म्हणजे तुम्ही स्टॉलवर सगळं मराठीत पटवून साडी विकलीत, तर हक्काचा कागदही मराठीत हवा. इंग्रजी मजकूर नियमात ठरवून दिलेला आहे, तो जसाच्या तसा घ्या आणि त्याच्या शेजारी मराठी छापा. मराठी मजकुराचा गाभा असा ठेवता येईल:

‘व्यवहाराची तारीख: ____. वरील तारखेपासून तीन कामकाजी दिवसांच्या आत तुम्ही हा व्यवहार कोणताही दंड किंवा बंधन न लागता रद्द करू शकता. रद्द केल्यास तुम्ही दिलेले पैसे, बदल्यात दिलेली वस्तू आणि सही केलेले कर्जरोखे, विक्रेत्याला तुमची सूचना मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत परत मिळतील. मिळालेला माल जवळपास जसा मिळाला त्याच अवस्थेत तुमच्या घरी विक्रेत्यासाठी उपलब्ध ठेवा, किंवा विक्रेत्याच्या खर्चाने आणि जोखमीवर परत पाठवण्याच्या त्याच्या सूचना पाळा. विक्रेत्याने रद्द करण्याच्या सूचनेच्या तारखेपासून २० दिवसांत माल नेला नाही, तर तो तुमच्याकडे ठेवता येईल किंवा त्याची विल्हेवाट लावता येईल. रद्द करण्यासाठी या सूचनेची सही आणि तारीख घातलेली प्रत ____ या पत्त्यावर ____ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत पाठवा.’

मध्यरात्रीची ती तारीख विक्रेत्याने स्वतः भरून द्यायची असते. रिकामी सोडणं ही नेहमीची चूक. मोजणी अशी: खरेदीचा दिवस धरायचा नाही, रविवार आणि फेडरल सुट्ट्या धरायच्या नाहीत, शनिवार मात्र धरायचा. शनिवारी विकलं तर सोम, मंगळ, बुध, म्हणजे बुधवारी मध्यरात्र. शुक्रवारी विकलं तर शनि, सोम, मंगळ. लेबर डेच्या आधीच्या शुक्रवारी विकलं तर शनिवार पहिला, सोमवार सुट्टीचा, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. गणपती बऱ्याचदा याच सुमारास येतात, म्हणून हे उदाहरण लक्षात असू द्या.

कुणी सौदा रद्द केला तर

सूचना मिळाली की दहा कामकाजी दिवसांत पूर्ण पैसे परत. ‘दुकानात वापरता येईल असं क्रेडिट’ नाही, आणि हाताळणीचा खर्च म्हणून दहा टक्के कापून घेणंही नाही. ४८० डॉलरची पैठणी ९ टक्के कर धरून ५२३.२० डॉलरला गेली असेल, तर परत करायचे ५२३.२०. त्याच दहा दिवसांत माल तुम्ही घेऊन जाणार की गिऱ्हाइकाकडेच ठेवणार, हेही कळवायचं. गिऱ्हाइक पोस्टाने पाठवायला तयार असेल तर पोस्टाचा खर्च तुमचा.

आता कराचं काय? कर तुम्ही अजून भरला नसेल तर त्या तिमाहीच्या रिटर्नमध्ये एकूण विक्रीत ४८० दाखवा आणि परत आलेल्या करपात्र मालाच्या वजावटीत तेच ४८० दाखवा. वजावट मिळण्यासाठी गिऱ्हाइकाला करासहित पैसे परत केल्याचा पुरावा लागतो: चेकची प्रत किंवा कार्डावर परत केल्याची नोंद, मूळ बिलाला टाचून. मूळ रिटर्न आधीच गेलं असेल तर पुढच्या रिटर्नमध्ये वजावट घ्या. तात्पुरत्या परमिटवाल्यांना पुढचं रिटर्न नसतंच. त्यांनी तीन दिवसांची मुदत उलटून परतफेड निपटेपर्यंत थांबून मगच, शेवटच्या तारखेच्या आत, रिटर्न भरावं.

कॅलिफोर्नियात तिमाही रिटर्नची मुदत तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याचा शेवटचा दिवस. टेक्सास आणि न्यू जर्सीत पुढच्या महिन्याची २० तारीख. विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. खातं एकही रिटर्न न आल्यास अंदाजाने कर लावतं आणि मग तो खोडून काढणं तुमच्याकडे येतं. धंदा थांबवला तर परमिट बंद करून घ्या. बिलं, रीसेल सर्टिफिकेटं आणि रद्द केलेल्या सौद्यांचे कागद कॅलिफोर्नियात किमान चार वर्षं ठेवायचे.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने

हाच नियम तुमच्या दारात येणाऱ्या विक्रेत्यालाही लागू आहे, आणि तिथे रक्कम पैठणीपेक्षा फार मोठी असते: सोलर पॅनल, पाणी शुद्ध करणारं यंत्र, मुलांच्या पुस्तकांचा संच, छताचं काम. टॅबलेटवर सही मागितली तर पूर्ण करार वाचल्याशिवाय बोट लावू नका. ठळक अक्षरातलं रद्द करण्याचं वाक्य आणि दोन नमुने मागा. ते दिले नाहीत तर तोच नियमभंग आहे, आणि तुमचा हक्क त्यामुळे जात नाही.

रद्द करायचं ठरलं की फोनवर भांडत वेळ घालवू नका. नमुन्याची प्रत सही आणि तारीख घालून सर्टिफाइड मेलने (नोंद ठेवणाऱ्या टपालाने), रिटर्न रिसीट म्हणजे पोचपावती मागून पाठवा. पत्र तिसऱ्या दिवसापर्यंत पोचायला हवं असं नाही; पोस्टाचा शिक्का मध्यरात्रीच्या आतला हवा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटीत टाकलं तर शिक्का दुसऱ्या दिवशीचा बसू शकतो, म्हणून काउंटरवर जाऊन शिक्का मारून घ्या. नमुना मिळालाच नसेल तर साधं पत्र लिहा: व्यवहाराची तारीख, वस्तू, किंमत आणि ‘मी हा व्यवहार रद्द करत आहे’ हे वाक्य. सोबत ईमेल पाठवा, पण फक्त ईमेलवर भिस्त ठेवू नका.

कुठे हा हक्क नाही तेही पक्कं माहीत असू द्या. पूर्णपणे ऑनलाइन, फोनवर किंवा टपालाने केलेली खरेदी. दुकानात बोलणी होऊन मग घरी झालेली सही. विमा, शेअर-रोखे आणि घर-जमीन. विक्रेत्याचं कायमचं ठिकाण असेल तर तात्पुरत्या जागी विकलेली गाडी. तुम्हीच दुरुस्तीसाठी बोलावलेला कारागीर, पण त्याने दुरुस्तीपलीकडे आणखी काही विकलं तर त्या जादा भागाला हक्क लागू होतो. गाडीच्या शोरूममध्ये सही केली की तीन दिवस मिळतात, ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. या नियमाखाली ते मिळत नाहीत.

काही करारांना वेगळे कायदे आहेत. राहत्या घरावर नव्या सावकाराकडून रीफायनान्स (जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज) किंवा होम इक्विटी कर्ज (घर तारण ठेवून कर्ज) घेतलं तर तीन कामकाजी दिवस; घर खरेदीच्या मूळ कर्जाला नाही. टाइमशेअरला (सुट्टीचं घर वर्षातले ठरावीक दिवस वापरण्याच्या हक्काच्या खरेदीला) राज्याचा कायदा: फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. ऑरलँडो किंवा लास वेगासच्या सहलीत फुकट जेवणाच्या बदल्यात सही करून आलात तर घरी परतल्यावर सामान सोडण्याआधी हे दिवस मोजा. रविवार आणि सुट्ट्याही यात धरल्या जातात.

विक्रेत्याने दहा कामकाजी दिवसांत पैसे दिले नाहीत तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार आणि फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर नोंद. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीच्या बिलिंग चौकशीच्या पत्त्यावर लेखी हरकत पोचायला हवी. सोबत रद्द करण्याच्या पत्राची प्रत आणि सर्टिफाइड मेलची पावती जोडा. झेलने दिलेल्या पैशांना हा मार्ग नाही. १३० डॉलरच्या वरची खरेदी स्टॉलवर करायची झाली तर कार्ड पुढे करा आणि साडीच्या पिशवीत पावती टाकू न देता ती हातात घेऊन तारीख आणि पत्ता वाचा.